नऊ घरं आणि एक म्हैस

मला म्हशीच्या घरात बसवलं, आणि बसवणारी माझी सख्खी नात. हे सगळं सुरू झालं ते तिथून.

माझी नात प्रिन्सी मालाडच्या एका कंपनीत खेळ बनवते. पोरं ज्यात डोकं खुपसून बसतात आणि आई हाका मारून थकली तरी ओ देत नाहीत, ते खेळ. असलं काम करायला माणसं पगारावर ठेवतात हे मला आधी खरंच वाटत नव्हतं. मी शाळा फारशी शिकलेली नाही. बाईंना उलट प्रश्न विचारला म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं, आणि पुन्हा बोलवायला कोणी आलं नाही, म्हणून मीही गेले नाही. पण आमच्या गिरीज गावात माझ्या वाडीचा केळीचा घड बघून लोक आपला घड झाकतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

प्रिन्सीच्या खेळाचं नाव ‘शेवटची वाडी’. पाठीवर तलवार बांधलेला एक पोरगा आकाशातून पडतो आणि जगातलं शेवटचं राजेळी केळीचं रोप शोधत वाड्यावाड्यांतून फिरतो. वाड्या आमच्याच. आमचं बावखल म्हणजे वाडीतलं तळं, आमचा रस्त्यावरचा क्रूस, माझा ओटा, आणि ओट्यावर मी. हुबेहूब मी, लुगड्याच्या काठासकट.

“हा आकाशातून का पडतो?” मी विचारलं. “रस्ता नव्हता?”

“आजी, खेळात सगळे असेच पडतात.”

मला समजावून सांगायला तिने ओट्यावर खडूने नऊ घरं आखली, तीनवर तीन. वरच्या ओळीत चांगले, मधल्या ओळीत ना धड चांगले ना धड वाईट, खालच्या ओळीत दुष्ट. हे झालं आडवं. उभ्यात बघायचं तर डावीकडे नेमाने वागणारे, उजवीकडे मोकाट सुटलेले, आणि मध्ये मन होईल तसे. खेळातल्या प्रत्येकाला यातलं एक घर द्यावं लागतं, आणि एकदा घर मिळालं की तो त्या घरासारखाच वागतो.

“तलवारवाला कुठे?”

“मोकाट चांगला. कोणाच्याही कुंपणावरून उडी मारतो, पण मन चांगलं.”

“कुंपणावरून उडी मारली तर त्याचं मन बघायला मी थांबणार नाही. आणि विहिरीतलं भूत?”

“ते नेमाचं दुष्ट. फक्त अमावास्येला धरतं. बाकीचे दिवस कोणाच्या वाटेला जात नाही.”

हे मला पटलं. मग तिने सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, नेमाच्या चांगल्यांच्या घरात, एक जास्वंदीचं फूल ठेवलं. “हे सॅन्टन अंकल.”

सॅन्टन म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या वाडीतला एक माड कुंपणाच्या तारेवरून वाकून थेट माझ्या कौलांवर आलेला आहे. नारळ पडतो, कौल फुटतं, आणि मग हा हात जोडून दारात उभा राहतो. “एस्थरबाय, आमचा नारळ आलाय का?” कधी आवाज चढवत नाही. त्या नरमाईनेच माझं आयुष्य किसून काढलं आहे. आणि तो वरच्या घरात!

“मी कुठे?”

प्रिन्सीने बरोबर मधल्या घरात एक कांदा ठेवला.

“मधली?” मी म्हटलं. “मी मधली?”

“आजी, तू कोणाची बाजू घेत नाहीस. फादर असोत, नगरसेवक असो नाहीतर भिकारी, सगळ्यांना सारखंच बोलतेस. म्हणून मधली.”

“आणि माझ्या घरात आणखी कोण आहे?”

ती हातावरचा खडू झटकायला लागली. माझी सून इझाबेल शाळेत शिक्षिका आहे. ती आतून वाटाणे सोलत सोलत म्हणाली, “म्हैस आहे, आई. आणि बावखलातले बेडूक.”

जनावरं म्हणे मधल्या घरात असतात, कारण त्यांना चांगलं-वाईट कळत नाही.

मला कोणी दुष्ट म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. दुष्ट म्हणायला निदान माणूस समोर उभा आहे हे दिसावं लागतं. पण मधली! फणस बरका आहे की कापा हे सांगता येत नाही, तसली बाई! मी कांदा उचलला आणि प्रिन्सीला सांगितलं, “माझं घर बदल. नाहीतर खेळातून माझा ओटा काढून टाक, आणि दुसऱ्या कोणाच्या ओट्यावर जाऊन खडू ओढ.”

“बदलायला कारण लागतं, आजी. सिद्धेश विचारेल.”

सिद्धेश तिचा साहेब. माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहतो. तो रविवारी येणार होता, कारण खेळात एक जागा अजून रिकामी होती. कोणती, ते तिने मला कॉम्प्युटरवर दाखवलं. सगळ्यात शेवटची वाडी. काळं आभाळ, विजा, केळीची पानं सापासारखी हलतायत, ढोल आणि व्हायोलिन असे काही वाजतात की माझ्या अंगावर काटा आला. आणि मधोमध एक मोठी खुर्ची. रिकामी.

“इथे कोण बसतो?”

“शेवटचा दुष्ट. नेमाचा दुष्ट. वाडीचा मालक. सगळा खेळ त्याच्यापर्यंत पोचण्यासाठीच असतो. कोणी मिळालं नाही तर कंपनीकडे एक शिंगांचा राक्षस तयार पडलेला आहे, तो बसवतील.”

“आणि वरच्या घरात गेल्यावर काय मिळतं?”

तिने सॅन्टन दाखवला. क्रूसाखाली हात जोडून उभा. पोरगा जवळ गेला की म्हणायचा, “देव तुझं भलं करो, पुढे उजवीकडे वळ.” पुन्हा गेलं की पुन्हा तेच. पावसात उभा, उन्हात उभा, ना ढोल ना वीज.

मी त्याच क्षणी ठरवलं. खुर्ची माझी.

पण सॅन्टन तारेपलीकडून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी हात जोडून दारात. मला वाटलं नारळ. “एस्थरबाय,” तो म्हणाला, “तुझी हरकत नसेल तर मलाही दुष्ट व्हायचंय.”

“तू? तुला डास मारायला जमत नाही!”

“तेच तर. आयुष्यभर क्रूसाखाली उभं राहू का मी? मला वाद्यं आवडतात.”

म्हणजे आता लढत होती. मी तयारीला लागले. चर्चमधली मास सुटल्यावर फादरना नमस्कार न करता पुढे गेले. फादर मागून धावत आले, “एस्थरबाय, गुडघा दुखतोय का?” कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगितलं, तुझी साखर ओली आहे. तो म्हणाला, हो बाय, तुम्ही नेहमीच सांगता. मी वाईट वागत होते आणि कोणाला फरकच जाणवत नव्हता.

म्हटलं, आता काहीतरी ठोस करायला हवं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. मी कोयता घेतला आणि तारेखालून सॅन्टनच्या वाडीत गेले. त्याच्या कोपऱ्यातल्या केळीला मोठा घड लागला होता. तो कापायचा आणि तिथेच टाकून यायचं, असा माझा बेत. यापेक्षा दुष्ट काम वाडीवाल्याला सुचणार नाही.

जवळ जाऊन बघते तर त्या घडाला टेकू नाही. एवढा जड घड, केळ कमरेतून वाकलेली, आणि या शहाण्याने साधी काठी लावलेली नाही. वाऱ्याची एक झुळूक, की केळ मोडून घड जमिनीवर, कोवळाच. मला बघवेना. मी त्याच कोयत्याने कुंपणातल्या भेंडीच्या झाडाची एक दुबेळकी, बेचक्यासारखी फांदी तोडली, घडाखाली लावली, सुंभाने गच्च आवळली, आणि त्याला शिव्या देत घरी आले. ओट्यावर बसल्यावर आठवलं की मी गेले होते कशाला.

रविवार आला. सिद्धेश रिक्षातून उतरला. छातीवर कवटी छापलेला टी-शर्ट, आणि हा म्हणे ठरवणार दुष्ट कोण. मी त्याला ओट्यावर बसवलं, पाव आणि डुकराच्या मटणाचं इंद्याल वाढलं. सॅन्टनही हात जोडून हजर होता. घरी आलेल्या माणसाशी दुष्टपणा जेवणानंतर.

“आजी, ऑफेन्स नका घेऊ,” तो म्हणाला, “पण मला साक्षीदार लागतील. स्वतःला दुष्ट कोणीही म्हणेल.”

“घे की. सगळं गाव पडलंय.”

पहिली इझाबेल. मी तिला म्हटलं, “बोल. आज तुला मोकळीक आहे. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासूनचं सगळं बोल.”

इझाबेलच्या तोंडावर एक असा प्रकाश आला, की मला वाटलं आता संध्याकाळपर्यंत ही थांबत नाही. तिने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलं. “आई म्हणजे नुसती साखर,” ती म्हणाली. “चहा ठेवू?”

“घाबरू नकोस, खरं सांग!”

“तेच सांगते, आई,” ती म्हणाली आणि आत पळाली.

काशीराम माडावर होता. तो चिंचोटीहून नारळ उतरवायला येतो. सिद्धेशने खालून ओरडून विचारलं, “काशीरामभाऊ, एस्थरआजी कशा आहेत? दुष्ट आहेत का?”

त्याने आधी माड दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग आवाज आला, “देवमानूस हाय बाय!”

“काशीराम!” मी ओरडले. “तू एवढा वर आहेस, मी तुझं काय करणार? बोल की!”

“बाय, मला खाली उतरायचाय!”

“बरं, आणि सॅन्टन अंकल?” सिद्धेशने विचारलं.

“तो? लय वंगाळ!” काशीराम झावळ्यांतून हसत म्हणाला. “सरळ माडावर चढवायचं सोडून याच वाकड्यावर चढवतो मला. म्हनतो, पडलास तर बायच्या वाडीत पडशील, तिथं माती मऊ हाय!”

सॅन्टनचा चेहरा असा फुलला, जसं काही बिशपने पाठ थोपटली. आतून इझाबेलही आली, एकदम बोलकी होऊन. सॅन्टन अंकल रोज सकाळी पानांचा धूर करतात, तो आमच्या धुतलेल्या कपड्यांत शिरतो. सॅन्टन अंकलचा कोंबडा मुद्दाम आमच्या खिडकीखाली आरवतो. सॅन्टन अंकल हे, सॅन्टन अंकल ते. त्याला कोणी घाबरत नाही, त्यामुळे त्याच्या दुष्टपणाला साक्षीदार भरपूर. मला सगळे घाबरतात, त्यामुळे मी साखर. असला न्याय मी जन्मात बघितला नव्हता.

“साक्षीदार राहू दे,” मी सिद्धेशला म्हटलं. “तू मलाच विचार.”

तो सावरून बसला. “समजा, दुसऱ्याचा नारळ तुमच्या वाडीत पडला. तुम्ही काय कराल?”

“ज्याचा आहे त्याच्या डोक्यात घालीन.”

“म्हणजे... परत देता.”

“डोक्यात घालते म्हटलं मी!”

“हो, पण ठेवून घेत नाही. नेमाचं झालं.” तो प्रिन्सीकडे वळला, प्रिन्सीने मान डोलावली. “बरं. एखादा अनोळखी माणूस भुकेला दारात आला तर?”

“आधी त्याला चांगला झापीन, की घरची माणसं मेली का तुला जेवायला घालायला.”

“आणि मग?”

“मग काय, वाढीन. उपाशी माणसाला झापून ठेवण्यात काय अर्थ? त्याला ऐकू पण येत नाही नीट.”

सिद्धेशने इंद्यालच्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं.

तेवढ्यात सॅन्टन उठला. “मी एक साक्ष देऊ का? एस्थरबायविषयी?”

माझ्या जिवात जीव आला. या गावात मला न घाबरणारा हा एकटाच. म्हटलं, सांग बाबा. तारेवरची भांडणं सांग, मी तुझ्या कोंबड्याला दिलेले शाप सांग, काय वाट्टेल ते सांग.

सॅन्टनने हात जोडले. “ही बाई,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “माझ्या पाठीमागे कधी काही बोलली नाही. जे बोलली ते तोंडावर, आणि सगळं गाव ऐकेल असं. फुटक्या कौलाखाली पातेलं ठेवून झोपते, पण माझा एक नारळ हिने कधी ठेवून घेतला नाही. आणि परवा दुपारी, मी झोपलो असताना, माझ्या घडाला टेकू लावून गेली. सुंभाची गाठ तिचीच होती, मी ओळखतो. कोणाला कळू न देता. सिद्धेशसाहेब, अशा बाईला दुष्ट म्हणाल तर पाप लागेल तुम्हाला.”

इझाबेलने डोळ्याला पदर लावला. वरून काशीराम म्हणाला, “मी काय बोललो!”

आणि सॅन्टन माझ्याकडे बघून हसला. ते हसू फक्त मला दिसलं. मी माझी सगळी तयारी, सगळी खुर्ची, सगळे ढोल त्या हसण्यात बुडताना पाहिले.

“बघा!” मी उठून उभी राहिले. “बघा, हा किती दुष्ट आहे! माझं वाटोळं करायला हा माझं कौतुक करतोय! खोटं एक अक्षर बोलला नाही आणि गळा कापला माझा! याला म्हणतात दुष्ट! शंभर राक्षसांत असा मिळायचा नाही!”

बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं.

सिद्धेश टाळ्या वाजवत होता. “नेमाचा दुष्ट! डन! याहून भारी व्हिलन मी पाहिला नाही. आणि आजी, स्वतःचं नुकसान होत असताना तुम्ही खरं बोललात. तुम्ही नेमाच्या चांगल्या. वरच्या कोपऱ्यात.”

अशी सॅन्टनला खुर्ची मिळाली आणि मला क्रूस.

दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. पहिल्यांदाच सगळ्यांना फरक जाणवला. मग प्रिन्सी माइक घेऊन आली. “आजी, तू आता क्रूसाखाली नाही, तुझ्या ओट्यासकट शेवटच्या वाडीच्या फाटकात उभी असतेस. पोरगा आला की एवढंच म्हणायचं: ये बाळा, देव तुझं भलं करो, पुढे जा.”

“तलवार घेऊन आलेल्या माणसाला मी पुढे जा म्हणू?”

“तो हिरो आहे.”

“असेल. माझ्या फाटकात आला ना? मी चांगली आणि नेमाची आहे ना? मग नेमाने होईल. चालू कर ते तुझं यंत्र.”

आणि मी सुरू झाले. कोण रे तू? कोणाचा? कोणाचा म्हणजे, बापाचं नाव सांग, तलवारीचं नको. कुठल्या गावचा? आई कुठल्या घरातली? ती माहेरची कोण? पायात काही का नाही? जेवलास का? कधी? काय? ते काय जेवण झालं? ती तलवार तिथे टेकव आणि हात धू. राजेळीचं रोप कशाला हवं, पाणी द्यायला जमणार आहे का तुला? पाळीने द्यावं लागतं, दुपारी झोपून चालत नाही. प्रिन्सी हसत हसत सगळं भरून घेत होती. तिने सिद्धेशला सांगितलं की चांगल्या, नेमाच्या बाईने प्रश्न विचारायचे आणि सगळ्यांची बरोबर उत्तरं मिळाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. सिद्धेश म्हणाला, मस्त, छोटंसं कोडं होईल.

कंपनीतल्या पोरांना खेळून बघायला दिलं. ती सगळी विहिरीच्या भुताला मारून आली, वाटेतल्या माकडांना हुलकावणी देऊन आली, आणि माझ्या फाटकात अडकली. एकाला आईचं माहेर सांगता आलं नाही. एक पोरगी जेवणापर्यंत पोचली, पण तिने “मॅगी” म्हटलं आणि मी तिला परत चुलीपाशी बसवलं. एकाने माझ्यावर तलवार काढली. नेमाच्या चांगल्या बाईवर तलवार चालत नाही, हा खेळाचा नियम. मी त्याला तिथल्या तिथे विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? सिद्धेश स्वतः खेळला. तो आईचं माहेर विचारायला खरोखर गावी फोन करून आला, आणि तरीही पाण्याच्या पाळीवर नापास झाला.

पण पोरं परत परत येतात, असं प्रिन्सी म्हणते. काहीजण पुढे जायचा नादच सोडून देतात. तलवार टेकवून माझ्या ओट्यावर बसतात आणि जेवतात. कंपनी आता तिथे आणखी पदार्थ ठेवायला सांगते आहे.

सॅन्टन परवा दारात आला. हात जोडलेले.

“कौल फुटलं नाही आज,” मी म्हटलं.

“नारळासाठी नाही आलो.” तो ओट्याच्या कडेवर टेकला. “एस्थरबाय, माझ्याकडे कोणी येतच नाही. वीज कडाडते. ढोल वाजतात. मी खुर्चीत बसून हसतो, हा हा हा, असं. आणि कोणी नाही. परत वीज, परत ढोल, परत मी हसतो. प्रिन्सीने दाखवलं मला. बघवत नाही.”

“तुला वाद्यं आवडतात ना?”

“आवडतात. पण ऐकायला कोणीतरी हवं.” त्याने जरा पुढे वाकून विचारलं, “एखादा तरी सोड. एक. कच्चा असला तरी चालेल.”

मला त्याची खरंच थोडी दया आली. वरच्या घरात राहिलं की असलं काहीतरी होतंच बहुतेक. म्हटलं, एखादं बरं पोर मिळालं, आईचं माहेर नीट सांगणारं, तर पाठवून देऊ.

“आला तर तू त्याचं काय करशील?” मी विचारलं.

“खाईन,” सॅन्टन म्हणाला. “माझ्या घराचा नेमच तसा आहे.”

“मग नाही सोडत,” मी म्हटलं. “माझ्याकडून जेवून निघालेलं पोर आहे ते.”